एका झुरळावर ठरणारे सामने

प्रतिस्पर्ध्याचा डाव रोखणारे पत्ते खेळात असावेत, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही; परंतु असा एकच पत्ता सामन्यामागून सामन्याचा निकाल लावू लागला, तर त्या प्रकाराला कौशल्याची स्पर्धा म्हणण्याचा निर्लज्जपणा तरी कोणी करू नये. ‘यु-गि-ओ! मास्टर ड्युएल’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळातला मॅक्स सी हा तो पत्ता. चित्रात एक क्षुल्लक झुरळ, हल्ल्याची ताकद अवघी 500. मात्र हातातून तो टाकला, की त्या टर्नमध्ये समोरच्याने केलेल्या प्रत्येक स्पेशल समनमागे (म्हणजे टर्नमधल्या नेहमीच्या समनखेरीज जादा राक्षस मैदानात उतरवण्यामागे) टाकणाऱ्याला एक नवा पत्ता फुकट मिळतो, आणि हल्लीचे बहुतेक डेक, म्हणजे खेळाडूने निवडून आणलेले पत्त्यांचे गठ्ठे, तर स्पेशल समनच्या लांबलचक साखळीशिवाय उभेच राहत नाहीत. खेळत राहावे तर समोरच्याचा हात भरतो; थांबावे तर अर्धवट मांडलेला डाव तो पुढच्याच टर्नमध्ये मोडून काढतो.

कागदी पत्त्यांच्या पाश्चात्त्य स्पर्धांतून या झुरळाची 2018 मध्येच हकालपट्टी झाली. मास्टर ड्युएल जानेवारी 2022 मध्ये आला तो मात्र एका डेकमध्ये चालणाऱ्या त्याच्या कमाल तिन्ही प्रतींना मोकळीक देऊनच, आणि ही मेहेरबानी वर्षानुवर्षे चालली. 40 पत्त्यांच्या डेकमध्ये तीन प्रती असतील, तर सुरुवातीच्या पाच पत्त्यांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे 34 टक्के असते. कागदी स्पर्धेत निदान तीन डावांचा सामना असतो आणि दोन डावांच्या मध्ये साइड डेकमधून, म्हणजे बाजूला ठेवलेल्या राखीव पत्त्यांतून, पत्ते बदलता येतात. मास्टर ड्युएलच्या ड्युएलिस्ट कप या स्पर्धेत एकाच डावात सगळे आटोपते.

“ॲश ब्लॉसम ठेवा, कॉल्ड बाय द ग्रेव्ह ठेवा,” म्हणजे या झुरळाचा परिणाम रद्द करणारे पत्ते ठेवा, असे शहाणे लोक सांगतात. ठेवतोच ना! सगळेच ठेवतात, म्हणूनच कोणाचाही डेक उघडला तरी त्यातला मोठा भाग सारखाच दिसतो, आणि तरीही ऐन वेळी तो उपाय हातात आला नाही तर बसा बोंबलत.

सर्वांत संतापजनक युक्तिवाद म्हणजे, हा पत्ता नंतर खेळणाऱ्याला तारण्यासाठी आहे. पहिल्या टर्नमध्ये भक्कम मांडणी करून बसलेला खेळाडू दुसऱ्याच्या टर्नमध्ये हाच पत्ता टाकतो आणि वर आणखी पत्तेही उचलतो, तेव्हा नेमके कोणाला तारले जाते, हे या वकिलांनी एकदा सांगावेच.