किलोच्या भावाने प्रवास

विमानतळाच्या काउंटरवरील काट्याला माझ्या बॅगेबद्दल जेवढे कुतूहल आहे तेवढे माझ्याबद्दल नाही, हे मी माझे भाग्य समजत आलो आहे. बॅग दोन किलोंनी जास्त भरली की काउंटरमागची व्यक्ती कमालीच्या सहानुभूतीने जादा रकमेचा आकडा सांगते. मग सगळ्या रांगेदेखत बॅग उघडायची, आतल्या खाजगी वस्तू शक्य तितक्या झाकत एक स्वेटर, एक जाकीट आणि दोन जाडजूड पुस्तके बाहेर ओढायची, स्वेटरवर जाकीट चढवायचे आणि पुस्तके जाकिटाच्या खिशांत कोंबायची. एवढे केले की काट्याचे समाधान होते, कंपनीचेही होते, आणि तेच दोन किलो त्याच विमानातून, केवळ मजला बदलून, फुकट प्रवास करतात.

नेमक्या अशा वेळी मागे उभा असलेला एखादा काटकुळा गृहस्थ, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, पुटपुटतो की बॅगेबरोबर माणसालाही काट्यावर उभे केले पाहिजे. हे उद्गार कोणाला उद्देशून आहेत, असे माझ्या आकारमानाच्या माणसाला विचारावे लागत नाही. पण त्या गृहस्थाला मूर्ख ठरवण्याची सोयही मला नाही, कारण विमानाला वजन कळते. ते सुटकेसचे आहे की पोटाचे, हे मात्र कळत नाही. विमानप्रवास नवा होता तेव्हा, म्हणजे १९२०च्या दशकात, लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर प्रवाशांनाही सामानाप्रमाणेच तोलत असत, आणि त्या काळच्या धनिकांनी ते निमूटपणे सोसले.

भाड्याचा हिशेबच किलोवर करण्याचे धाडस मात्र सामोआ एअर या छोट्या कंपनीने केले आणि २०१३ साली तिचे नाव जगभर झाले. तिकीट काढताना प्रवाशाने आपले आणि सामानाचे वजन स्वतःच लिहायचे, त्यानुसार भाडे भरायचे आणि विमानतळावर काट्यावर उभे राहायचे, अशी पद्धत होती. जेमतेम दहा माणसांच्या विमानात कोण कुठे बसतो यावरही विमानाचा तोल ठरतो, त्यामुळे तिथे हा हिशेब समजण्यासारखा होता. लहान मुले असलेल्या कुटुंबांना तो स्वस्तही पडे. मला भीती वाटते ती तिकिटाच्या अर्जातील त्या रिकाम्या चौकोनाची. आपले वजन स्वतः लिहिताना माणूस ज्या वयातले वजन लिहितो ते वय कधीच सरलेले असते, आणि आठवण व वास्तव यांच्यातील फरक त्याला काउंटरवर, रांगेच्या साक्षीने, रोख भरावा लागणार.

ही पद्धत सर्वत्र आलीच तर विमानतळाचे रूप पालटेल. काउंटरच्या अलीकडची सगळी उपाहारगृहे बंद पडून पलीकडे उघडतील, कारण शहाणा माणूस उपाशीपोटी तोलून घेईल आणि मग दुप्पट जेवेल. स्वच्छतागृहापुढची रांग काउंटरच्या रांगेला मागे टाकील, आणि ऐन हिवाळ्यात प्रवासी सुती सदऱ्यात कुडकुडत काट्याकडे सरकताना दिसतील. विमानात मिळणारे जेवण हा तर कंपनीचा शुद्ध तोटा, कारण ज्या वजनाचे भाडे वसूल झालेले नाही ते ती स्वखर्चाने प्रवाशांच्या अंगी लावीत बसेल.

मोठ्या विमानांचे काम आज सरासरीवर चालते. युरोपीय नियमांत प्रौढ प्रवाशाचे वजन हातातल्या सामानासकट ८४ किलो धरण्याची मुभा आहे. तो आकडा वाचला तेव्हा, कोणीतरी मला इतके कमी लेखल्याचा आनंद प्रथमच झाला. अर्थात सरासरीही फसते. २०२० साली टीयूआय या ब्रिटिश कंपनीच्या नव्या संगणकप्रणालीने नावामागे ‘मिस’ लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांना लहान मुली समजून प्रत्येकीचे वजन ६९ऐवजी ३५ किलो धरले. बर्मिंगहॅमहून सुटलेले एक विमान त्यामुळे कागदावर १,२४४ किलोंनी हलके झाले; सुदैवाने ते सुखरूप उडाले. अशा सरासऱ्या ताज्या करण्यासाठी एअर न्यूझीलंडने २०२३ साली प्रवाशांना काट्यावर उभे केले, पण आकडा प्रवाशाला नाही आणि कर्मचाऱ्यालाही दिसणार नाही अशी तजवीज ठेवली. इतका सुसंस्कृत काटा घरोघरी असायला हवा.

आता पैशाचे बोलू. मध्यम आकाराचे एअरबस ए-३२० पूर्ण भरून उडते तेव्हा त्याचे वजन पंचाहत्तर टनांच्या पुढे जाऊ शकते. माझ्यात आणि त्या काटकुळ्या गृहस्थात तीस किलोंचा फरक धरला, तरी विमानाच्या दृष्टीने तो हजारात अर्धाही भरत नाही. यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते, कारण अमेरिकन एअरलाइन्सने १९८०च्या दशकात सॅलडमधले एकेक ऑलिव्ह काढून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवल्याची कथा त्या व्यवसायात पुराणासारखी सांगितली जाते. (ती बचत ऑलिव्हच्या खरेदीची होती, वजनाची नव्हे, पण पुराणात असे बारकावे कोण पाहतो?) ऑलिव्ह पाच ग्रॅमचे मानले तर मी त्या गृहस्थापेक्षा सहा हजार ऑलिव्हनी जास्त आहे, हे मला मान्य करावे लागेल.

मात्र लांबच्या प्रवासात वाढीव वजनापायी दर तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन जास्त जळते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दहा तासांत माझे तीस किलो फार तर बारा किलो इंधन जाळतील. तेवढ्याची किंमत मी आनंदाने, चहापाण्यासकट, मोजायला तयार आहे. अट एकच, की बॅगेतल्या जादा किलोलाही हाच भाव लावावा. ही अट ऐकल्यावर वजनाप्रमाणे भाडे घेण्याच्या कल्पनेतून सर्वात आधी अंग काढून घेतील त्या विमान कंपन्याच, अशी माझी खात्री आहे.

खरे दुखणे किलोचे नाहीच, ते रुंदीचे आहे. इकॉनॉमी वर्गातील आसन साधारण सतरा-अठरा इंच रुंद असते, आणि मधल्या वाटेने मी येताना दिसलो की ज्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे असे सगळे प्रवासी एकाएकी भाविक होतात. ज्याची प्रार्थना फळत नाही तो खिडकीबाहेर पाहू लागतो. पट्टा पुरत नाही म्हणून मी खुणेने, शक्य तितक्या गुप्तपणे, जोडपट्टी मागतो, आणि हवाईसुंदरी ती विजयपताकेसारखी उंच धरून पंधरा रांगा ओलांडून आणते. कॅनडात अतिस्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्यांकडून देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या आसनाचे पैसे घेऊ नयेत, असा निर्णय २००८ साली झाला. पण मी तेवढा भाग्यवान नाही. मी फक्त जाड आहे.

एकदा शेजारी असाच एक सडपातळ तरुण होता आणि बोलण्याच्या ओघात तिकिटाचा विषय निघाला. त्याने ते आदल्या रात्री अडचणीत काढले होते आणि माझ्या दुप्पट पैसे मोजले होते. त्याने मोबाइलवर दोघांचे अंदाजे वजन घालून भागाकार केला, आणि आपल्या प्रत्येक किलोला माझ्या किलोच्या तिपटीहून अधिक भाव पडला आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्यानंतर आमच्यामधल्या हातटेकूवरचा माझा कोपर त्याने अदबीने, पण ज्याच्याजवळ हिशेब आहे अशा माणसाच्या ठामपणाने, बाजूला सारला, आणि मला तोंडातून चकार शब्द काढता आला नाही.