पॅकिंग कालचं, फळ कधीचं?

चार पीचचा डबा, दोनशे ऐंशी रुपये. वरून लालचुटूक, एकेकावर स्टिकर. काल घरी आणून पहिलं कापलं आणि डोकंच फिरलं. बीभोवती गर चॉकलेटी, रसाचा थेंब नाही, चावलं तर ओला कापूस. दुसरं कापलं, तेच. तिसरं बाहेरून टणक अन् आतून पिठूळ. सासूबाईंनी एक फोड तोंडात घातली आणि काही न बोलता बशीच्या कडेला काढून ठेवली.

डबा घेऊन तशीच दुकानात परत गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "मॅडम, फ्रूटवर रिटर्न नाही. सीझन संपून राहिला ना आता." अरे, संपला हे तुले माहीत आहे, तर मांडून काऊन ठेवलं बाप्पा? अन् भाव जूनपेक्षा जास्त कसा? जूनमध्ये याच रॅकवर हिमाचलचे आलूबुखारे होते, चावले की रस मनगटापर्यंत यायचा. आता सप्टेंबर लागला, तरी तोच बोर्ड, तेच 'फ्रेश'.

पीच शून्य डिग्रीच्या आसपास ठेवायचं असतं. दोन ते आठ डिग्रीत आठवडेच्या आठवडे पडलं की गर पिठूळ होतो, बीजवळ काळवंडतो, आणि मग घरी कितीही पिकवा, रस येत नाही. फळांच्या धंद्यात हे कोणाला माहीत नाही? पण वरून साल छान दिसते ना, मग विका! दाबून पाहू म्हटलं तर डब्यावर प्लास्टिक ताणलेलं. सुटं असलं तर 'हात लावू नये'ची पाटी.

आणि हे काही आजचं नाही. मार्चमध्ये हापूस म्हणून आंबट दगड गळ्यात मारले. त्याच्या आधी पंजाबचा किन्नू 'संत्रा' म्हणून. नागपुरात! २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या नागपुरी संत्र्याच्या गावात! तिकडे कळमन्याच्या बाजारात मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्याचा, माल उतरत असतो, आणि इकडे मेणाची पॉलिश मारलेला किन्नू. तेव्हाही बोलले होते, तेव्हाही "वरून माल येतो मॅडम."

गोकुळपेठेतला ठेलेवाला निदान तोंडानं सांगतो, ताई आज नका घेऊ, आंबट आहे. यांच्या डब्यावर पॅकिंगची तारीख कालची. फळ झाडावरून कधी उतरलं, ती तारीख छापा. आणि माझे दोनशे ऐंशी परत करा.