दृश्य बघण्याची सोय नाही

सिंहगड 'सोपा' आहे असं सांगणाऱ्यांची यादी करून ती पोलीस चौकीत द्यावी, असं माझं कालपासून ठाम मत झालंय. "अरे, अर्धा दिवस पुरतो. सहाला निघायचं, दहाला घरी. आंघोळसुद्धा घरी येऊनच." आतकरवाडीतून पायवाट धरायची, अडीच-पावणेतीन किलोमीटर, झालं! हे लोक अंतर नेहमी आडवं सांगतात. उभं कुणी सांगत नाही. पायथ्यापासून माथा सुमारे 600 मीटर वर आहे. म्हणजे लिफ्ट बंद पडलेली दोनशे मजली इमारत. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावरचे लोक कमिटीचा राजीनामा मागतात.

तर काल मी या इमारतीच्या ऐंशीव्या मजल्याच्या आसपास एका कातळाला टेकून उभा होतो. घाम नाकाच्या शेंड्यावरून बुटावर टपटपत होता. तेवढ्यात मागून काका आले. खाकी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, कानटोपी आणि काखेत वेताची काठी. ती काठी मी शेवटपर्यंत जमिनीला लागलेली पाहिली नाही.

"दम लागला?"

"छे छे. दृश्य बघतोय. खडकवासला."

काकांनी माझ्या नजरेच्या रोखानं पाहिलं. समोर भिंतीसारखं पांढरंफटक धुकं.

"कुठाय?"

"धुक्याच्या मागे."

"हं," काका म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. पुण्यात माणूस 'हं' म्हणून निघून गेला तर समजावं सुटलो. उभा राहिला तर चौकशी सुरू झाली.

"निघून किती वेळ झाला?"

"पाऊण तास असेल."

"पाऊण तासात मी वर ताक पिऊन परत निघालेला असतो. वय काय तुमचं?"

"पंचेचाळीस."

"माझं ओळखा."

हा प्रश्न विचारायला कायद्यानं बंदी हवी. खरं वाटतं ते सांगितलं तर अपमान, कमी सांगितलं तर व्याख्यान. मी घाबरून 'साठ' म्हणालो.

"बहात्तर!" काका इतक्या जोरात म्हणाले, की वरच्या वळणावरचे दोघे थांबून खाली बघायला लागले. "दर रविवारी. पाऊस असो, थंडी असो. गुडघा बघा." त्यांनी खरोखरच गुडघा पुढे केला. मी बघितला. चांगला होता. दुसऱ्याच्या गुडघ्याकडे बघून नेमकं काय म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून 'वा' म्हणालो.

मग त्यांनी मला मार्ग समजावले. हा आतकरवाडीचा म्हणे 'लहान मुलांचा'. त्याच क्षणी एक पाच-सहा वर्षांची मुलगी बिस्किट खात आमच्या बाजूनं वर गेली. असे योगायोग नेमके माझ्याच वाट्याला येतात. पलीकडून, कल्याण गावाकडून कल्याण दरवाज्याला चढणारी वाट 'शांत माणसांची'. आणि कात्रजहून रात्रभर टेकड्यांमागून टेकड्या तुडवत सकाळी सिंहगड गाठायचा, तो 'आमचा'. "तुम्ही पुढच्या वेळेला तोच करा," असंही ते म्हणाले. ज्या माणसाला ऐंशीव्या मजल्यावर भिंतीचा आधार लागतोय त्याला रात्रभर चालायला सांगणं हा सल्ला नव्हे, सूड आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण काकांना माझी जबाबदारी वाटायला लागली. वर जाणाऱ्या प्रत्येकाला ते हात करून सांगायला लागले, "जरा कडेनं जा, यांना दम लागलाय." कॉलेजच्या पोरांनी कड घेतली. एका मुलीनं तिच्या बाटलीतलं इलेक्ट्रॉल देऊ केलं, "अंकल, घ्या ना." दम परवडला, पण अंकल?

"तानाजी मालुसरे," काका म्हणाले. मी याचीच वाट बघत होतो. "4 फेब्रुवारी 1670. रात्रीच्या अंधारात मावळे दोरावरून कडा चढले. आणि आपण दिवसाउजेडी पायवाटेवर बसतो."

मी बसलो नव्हतो, टेकलो होतो. शिवाय मावळ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांना सोमवारी सकाळी साडेनऊला रिव्ह्यू मीटिंग नव्हती. आणि गडाचंच काढायचं तर लोकमान्यांचं का नाही काढत? त्यांचा बंगला आहे वर. उन्हाळ्यात येऊन राहायचे. विश्रांतीला! गडावर दम खायची परंपरा इतकी थोर असताना मीच एकटा का उघडा पडतो?

वाटेत ताकवाल्या मावशी भेटल्या तेव्हा पहिल्यांदा माणसात आल्यासारखं वाटलं. "बसा दादा. येवढं पळून काय करायचंय? वर गर्दीच हाय." काळा हंडा, वर ओलं फडकं, ताकात मीठ-जिरं. काका घड्याळ बघत उभे. मी मुद्दाम दुसरा पेला मागितला.

मावशी म्हणाल्या ते अक्षरशः खरं निघालं. पुणे दरवाज्यातून आत गेलो तर वर मंडई भरलेली. कारण गडावर गाडीरस्ता जातो. ज्यांच्या केसाची बट हललेली नाही असे लोक मोटारीतून उतरून माझ्याआधी पिठलं-भाकरीला बसलेले. एकाच्या खांद्यावर स्पीकर, त्यातून ढणाढणा गाणी. देवटाक्याकडे जाताना पायाखाली चिप्सची पाकिटं. पावसाळ्यात दरड कोसळून घाटरस्ता बंद झाला की हेच लोक हळहळतात. मला हल्ली दरडीची बाजू पटायला लागलीय. आणि तो 'अर्धा दिवस'? उतरल्यावर त्यातला उरलेला भाग डोणज्याच्या आसपास गाड्यांच्या रांगेत गेला. चढताना निदान आपण हलत तरी असतो. हे कुठल्याच हितचिंतकानं सांगितलं नव्हतं. काका मात्र स्वारगेटच्या बसनं आले होते, त्यामुळे रांगेचा रागही त्यांना बसमध्ये बसून, खिडकीतून, शेंगदाणे खात करता आला असणार.

निघताना त्यांनी माझा नंबर मागितला. इतक्या ताकानंतर नाही कसं म्हणणार? संध्याकाळी मी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होतो. आज पहाटे पावणेपाचला 'उठा, गड हाक मारतोय' आलं. बाहेर पडावं तर ग्रुपच्या ॲडमिनला कळतं, आणि दम लागला म्हणून बाहेर पडलो असा अर्थ लावायला बहात्तर वर्षांचा एक माणूस टपून बसलाय. म्हणून आवाज बंद करून ठेवलाय.

ग्रुपवर सगळ्यांच्या वेळांचा तक्ता असतो. माझं नाव तळाला आहे: 'नवीन सदस्य, पावणेदोन तास.' त्याखाली कुणीतरी हात जोडलेत. मी अत्यंत सभ्य शब्दांत कळवलंय, की यातून ताकाची वीस मिनिटं आणि त्यांच्या गुडघ्याची दहा मिनिटं वजा करावीत. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.