पासंगाला पुरतील एवढे

परवा बाजारात मी फक्त एवढंच विचारलं, "दादा, बटाटे टाकायच्या आधीच काट्यावर चाळीस ग्रॅम कसले दिसतायत?"

"टोपलीचे."

"मग टोपलीही द्या पिशवीत!"

शून्यावर आणायचं बटण त्याच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होतं. अंगठा हलला नाही. हलले ते माझ्यामागचे काका. हे गृहस्थ हेल्मेट घालूनच बाजार करत होते. काच वर, पट्टा हनुवटीखाली लोंबतोय. आत स्वतःचा आवाज कमी ऐकू येत असावा, कारण पुढचं सगळं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

"अहो साहेब, बटाटे घेताय की सोनं?"

मी म्हटलं, "प्रश्न शून्याचा आहे."

"चाळीस ग्रॅममध्ये काय बंगला बांधणार? शिकलेली माणसंच अशी!" माझ्या शिक्षणाबद्दल लोकांनी आजवर शंकाच घेतली होती, त्यावरून शिव्या पहिल्यांदाच खाल्ल्या. दोन अनोळखी माना डोलल्या. एका बाईंनी आपली पिशवी माझ्या पिशवीपासून दूर सरकवली, जणू कंजूषपणा कापडातून पसरतो.

खरं तर ही खोड माझी नाही, बाबांची. लहानपणी त्यांच्या शर्टाचं टोक धरून मी बाजारभर फरपटत जायचो. माझ्या उंचीवरून बाजार म्हणजे गुडघे, पिशव्या आणि कोणाची तरी ओली टाच. तेव्हा दांडीचा तराजू असायचा, हलक्या पारड्याला पासंग म्हणून चिंधीत बांधलेला खडा. बाबा आधी लोखंडी वजन उलटं करून बुडाला ओतलेलं शिसं आणि त्यावरचा शिक्का बघत. मग माल आणि वजन यांची पारडी बदलायला लावत. दांडीची एक बाजू जरा लांब असली, की अदलाबदल केल्यावर लबाडी उघडी पडते. या पद्धतीला गाउससारख्या थोर गणितज्ञाचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त मागे खोळंबलेली माणसं दिसायची आणि मी शर्ट सोडून, आपण यांचे कोणीच नाही अशा बेताने उभा राहायचो.

एकदा पारडी बदलली तर आमचंच पारडं खाली गेलं. म्हणजे माल जास्त आला होता! बाबांनी एक बटाटा उचलून ढिगावर परत ठेवला. भाजीवाला त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. त्या दिवशी मला सर्वात जास्त लाज वाटली.

असो. काकांचा किलो झाला. बटाटे पिशवीत गेले. मग काकांनी ढिगातला आणखी एक बटाटा उचलला, अंगठ्याने माती पुसली, कोंब फुटलेला डोळा बघून तो परत ठेवला, दुसरा चांगला मुठीएवढा निवडला आणि पिशवीत टाकला. काट्याला दाखवलाही नाही.

"असू द्या, काका," भाजीवाला प्रेमाने म्हणाला.

मला मात्र म्हणाला, "पटत नसेल तर पुढे बघा."

मी बघितलं नाही, तेच घेतले. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले: ९६०. सगळ्यांना बोलावून आकडा दाखवला.

"मग? परत जाणार का?" बायकोने विचारलं.

गेलो असतो. पण ते हेल्मेट अजून तिथेच असलं तर?