अहज्याचं वय आणि येशूचं पुनरुत्थान: अंबडच्या काकांना उत्तर

काका, प्रभूच्या नावात सलाम. तुम्ही लिहिलंय, "आज अहज्याच्या वयात चूक आहे म्हणायलात, उद्या पुनरुत्थानात पण चूक आहे म्हणाल. मंडळीतल्या लेकरांचा विश्वास काहून मोडायलात?" रागात लिहिलंय पण त्यामागं काळजी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुद्दा काय होता ते सांगतो. बायबलच्या जुन्या करारातल्या २ इतिहास २१:२० मध्ये यहूदाचा यहोराम ३२व्या वर्षी राजा झाला आणि ८ वर्षं राज्य करून मेला, म्हणजे चाळिशीत गेला. लगेच २२:२ मध्ये इब्री (हिब्रू) प्रतीत त्याचा पोरगा अहज्या ४२व्या वर्षी गादीवर बसतो, आणि हा त्याचा सगळ्यात धाकटा पोरगा. म्हणजे लेक बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! तेच वय २ राजे ८:२६ मध्ये २२ आहे, जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींतही २२ आहे. तुम्ही म्हणता ४२ हे अहज्याचं वय नाही, त्याच्या आईकडच्या अम्री राजाच्या घराण्याचं वय मोजलंय. हे उत्तर लई जुनं आहे, पण मला पटत नाही, कारण बाकीच्या राजांचं वय ज्या शब्दांत दिलंय त्याच शब्दांत हे पण दिलंय, मग एकट्या अहज्यापुरता अर्थ कसा बदलायचा? नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा चुकला हे सरळ उत्तर आहे. आपल्याकडं सातबाऱ्यावर आकडा चुकला तर वावर कुणी सोडून देत नाही, जुनं खासरा पत्रक काढून ताडून बघतो.

आणि हे बोलायला मला बायबलविरोधी व्हावं लागत नाही. १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी बायबल निर्दोष आहे असा जाहीरनामा काढला, पॅकर, स्प्राउल यांच्यासारख्या कडक लोकांच्या त्यावर सह्या आहेत, त्याच्या १०व्या कलमातच म्हटलंय की देवाची प्रेरणा काटेकोरपणे मूळ लिखाणालाच लागू आहे, म्हणजे नंतरच्या नकलांना नाही. मूळ प्रती आज नाहीत हे खरंय, पण प्रती इतक्या आहेत की चूक लपून राहत नाही. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली, तोवर हाताशी असलेल्या इब्री प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षांनी जुनी. स्पेलिंगचे, शब्दांचे बारीक फरक पुष्कळ निघाले, पण यशया तोच निघाला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की देवानं सांगितलं आणि माणसानं मुकाट उतरवून घेतलं. तसं बायबल स्वतः म्हणत नाही. लूक त्याच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच म्हणतो की मी सगळ्याचा नीट शोध करून लिहितोय. आणि १ करिंथ १ मध्ये पौल म्हणतो क्रिस्प आणि गायस सोडून मी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग त्याला स्तेफनाचं घराणं आठवतं, मग म्हणतो आणखी कुणाचा केला का ते माहीत नाही! हे पवित्र शास्त्रात आहे काका, आणि मला ते लई आवडतं. देवानं पौलाची आठवण दुरुस्त करून दिली नाही, तसाच पौल वापरला. २ पेत्र १:२१ पण हेच सांगतं, माणसं बोलली, पवित्र आत्म्यानं प्रेरित होऊन बोलली. दोन्ही खरं.

आता पुनरुत्थान. ते नक्कल करणाऱ्याच्या एका आकड्यावर टेकलेलं नाही. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आहे, आणि त्याच १ करिंथच्या १५व्या अध्यायात पौल साक्षीदार मोजतो, केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग पाचशेहून जास्त भाऊ, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जाऊन विचारा. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे असं तो म्हणतो. अहज्याच्या वयावर विश्वास टांगायचं काम त्यानं केलं नाही, ते आपण करायलोत. त्याच शिकागोच्या जाहीरनाम्याचं १९वं कलम सांगतं की बायबल निर्दोष आहे ही शिकवण मानणं तारणासाठी आवश्यक नाही, ती नाकारली तर गंभीर परिणाम होतात एवढंच बजावतं.

लेकरांचं म्हणाल तर जालन्याचं पोरगं संभाजीनगरला कॉलेजला गेलं की ४२ आणि २२ त्याला कुणीतरी मोबाईलवर दाखवणारच आहे, आणि आपण संडे स्कूलमध्ये "एक पण चूक नाही, असली तर सगळं खोटं" असं शिकवून पाठवलं असेल तर ते पोरगं त्याच दिवशी सगळं सोडेल. त्यापेक्षा येत्या रविवारी २ इतिहासातले २१ आणि २२ हे दोन अध्याय तुम्हीच त्यांच्यासोबत वाचा. प्रश्न आले की मला फोन लावा, मी येतो अंबडला.