आठ की दहा?

नेमबाजी म्हणजे एकाग्रतेचा खेळ, असं सगळेच सांगतात. श्वास रोखायचा, माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या छोट्या खुंटीवर, नजर ठेवायची, चाप हलकेच मागे घ्यायचा आणि डोक्यात दुसरं काही येऊ द्यायचं नाही. हे सगळं रायफल हातात आल्यानंतरचं. ती हातात येण्याआधीच्या काळात माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही, पण त्याला कुणी एकाग्रता म्हणत नाही. घरचे त्याला वेगळंच काहीतरी म्हणतात.

मला एक जुनी लष्करी रायफल घ्यायची होती आणि माझ्यापुढे दोन नावं होती, एम-वन गॅरंड आणि एसकेएस. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं नळीत सरकवायचं काम रायफल स्वतःच उरकते. दोन्ही लाकूड-लोखंडाच्या आणि दोन्ही फौजेत हयात घालवलेल्या. पुष्कळ देशांत हा पेच पडतच नाही, कारण असली रायफल तिथे नागरिकाच्या हाती देतच नाहीत. त्या दिवसांत मला तिथल्या लोकांचा मनापासून हेवा वाटे.

"मुळात जुनी कशाला?" बायकोने विचारलं. "नवी घे की एखादी चांगली."

मी तिला समजावून सांगितलं की नव्या रायफलीला चारी बाजूंनी पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीवर काही ना काही बसवायचं असतं, आणि ते काय बसवायचं हे ठरवण्यात उरलेलं आयुष्य जातं. जुनीला बसवण्यासारखं काही नसतं. आहे तशी घ्यायची. एकदा ठरवलं की संपलं.

"मग ठरव ना एकदा," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोघींची खानदानं तपासली तर दोन्ही तालेवार. गॅरंड १९३६ साली अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाली. जॉन गॅरंड हा मूळचा कॅनडातला माणूस, स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत नोकरीला. त्याने पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले. पुढे त्याला एक लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव अमेरिकेच्या संसदेत आला, पण तो काही मंजूर झाला नाही. पगारावर काम करणाऱ्या कुणाही माणसाला ही हकीकत ऐकून गॅरंडबद्दल आपुलकी वाटते, आणि ती रायफल निवडण्याच्या कामी अजिबात उपयोगाची नसते.

एसकेएसच्या नावातच तिचा रचनाकार सिमोनोव्ह आणि १९४५ साल आहे. तिचं नशीब खोटं. सोव्हिएत सैन्यात जेमतेम बस्तान बसतंय तोवर कलाश्निकोव्हची एके-४७ तिथे येऊन ठेपली, आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. पण चीन, युगोस्लाव्हिया, रुमानिया, अल्बेनिया, जो तो तिला बनवत सुटला. क्रेमलिनच्या मानवंदनेच्या तुकडीकडे तर ती अजूनही दिसते. रुबाब उरला, कामगिरी गेली.

आमच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, या दोघींचे दोन पंथ आहेत. गॅरंडपंथीयांचं पठण दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनपासून सुरू होतं. आजवर घडलेलं लढाईचं सर्वांत थोर साधन म्हणजे ही रायफल, असं तो म्हणून गेला, आणि या मंडळींनी ते इतक्या वेळा ऐकवलंय की पॅटनने युद्धात दुसरं काही केलं असेल यावर माझा विश्वास उरलेला नाही. एसकेएसपंथीय कुणाचं वचन सांगत नाहीत. ते फक्त विचारतात, "आठ मोठे की दहा?"

खरी ग्यानबाची मेख तीच. गॅरंडमध्ये आठ गोळ्या बसतात. त्या पत्र्याच्या एका छोट्या क्लिपमध्ये अडकवलेल्या असतात आणि क्लिपसकट रायफलीच्या पोटात जातात. आठवी सुटली की रिकामी क्लिप "टिंग" असा आवाज करत उसळून बाहेर पडते. या टिंगवर शत्रू सावध व्हायचा, अशी दंतकथा प्रत्येक नवख्याला ऐकवली जाते. आजूबाजूला तोफा धडधडत असताना ती टिंग टिपणाऱ्या शत्रूच्या कानांचं मला कौतुक वाटतं. आमच्या रेंजवर कानावर आवाज अडवणारे मफ असताना शेजारच्याची हाक ऐकू येत नाही.

एसकेएसचं मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) बुडाला कायमचं बसवलेलं, दहा गोळ्यांचं. पट्टीवर रांगेत लावलेल्या गोळ्या वरून अंगठ्याने खाली दाबायच्या आणि पट्टी काढून टाकायची. मनात आलं तर एकेक सुटी गोळीही भरता येते. गॅरंडला असले मध्यममार्ग रुचत नाहीत.

आणि अंगठ्याचा विषय निघाला की रेंजवरचे काका पुढे होतात. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून अर्ध्यापर्यंत जांभळं होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. गॅरंड भरताना क्लिप अंगठ्याने आत दाबतात तेव्हा तळव्याच्या कडेने बाजूच्या सरकत्या कांबेचा (ऑपरेटिंग रॉडचा) दांडा मागे अडवून धरायचा. मग हात झटकन काढून घ्यायचा, कारण बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा लोखंडी तुकडा, पुढे सुटतो आणि वाटेत काय आहे याची चौकशी करत नाही.

"भरताना झालं का हे?" मी विचारलं.

"छे! भरताना सगळेच सावध असतात," काका म्हणाले. "हे झालं रिकामी आहे ना, ते बघताना. बोल्ट नीट अडकलेला नव्हता आणि मी आतला फॉलोअर, गोळ्या वर ढकलतो तो, दाबला. तुम्ही घ्याच गॅरंड. उत्तम रायफल."

ज्या माणसाचं नख असं झालंय त्याची शिफारस नाकारायची तरी कशी?

एसकेएसपंथाचा माझ्या माहितीतला कट्टर माणूस म्हणजे माझा जुना मित्र. त्याची रायफल त्याच्याकडे आली तेव्हा रायफल असल्याचं फक्त आकारावरून कळत होतं. वर्षानुवर्षं गोदामात राहायची म्हणून या रायफली कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी, चिकट ग्रीसमध्ये न्हाऊन निघालेल्या असतात. वरचं पुसून निघतं. पण ते लाकडातही मुरलेलं असतं, आणि ऊन लागलं की दस्त्याला घाम फुटतो. त्याने पुसायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा पुसायचं, असा क्रम लावला होता. पुढे घरातला हेअर ड्रायर नाहीसा झाला. तो कुठे गेला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि परत नको असंही सगळ्यांचं मत होतं.

हे सोपस्कार हौसेचे नाहीत. बहुतेक एसकेएसमध्ये फायरिंग पिनला, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणाऱ्या खिळ्याला, स्प्रिंग नसते, ती बोल्टमध्ये मोकळी सरकते. ग्रीस थिजून ती पुढेच अडकली तर बोल्ट बंद होताक्षणी गोळी सुटू शकते, आणि मागोमाग पुढचीही. म्हणून बोल्ट पूर्ण सोडवून साफ करायचा, मग कानाशी धरून खुळखुळ्यासारखा हलवायचा. आतली पिन वाजली पाहिजे. मित्राने तो बोल्ट माझ्याही कानाशी धरून हलवला, मग माझ्या बायकोच्या. तिने "वाजतंय" असं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मत म्हणून तक्त्यात लिहिलं नाही.

हो, तक्ता केला होता. वजन, धक्का, गोळ्यांची संख्या, साफसफाई, नेम, असे रकाने आणि प्रत्येकाला गुण. गॅरंड सव्वाचार किलोच्या वर, एसकेएस चार किलोच्या आत. गॅरंडची .३०-०६ गोळी १९०६ सालची, दांडगी, एसकेएसची ७.६२ बाय ३९ आखूड, धक्का सौम्य. जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांच्या प्राइमरमधले (बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीतले) क्षार नळीत राहून गंज चढवतात, आणि ते तेलाने जात नाहीत, पाण्याने जातात. म्हणजे घरी येऊन नळीतून उकळतं पाणी ओतणं आलं. त्या रकान्यात दोघींना सारखेच कमी गुण, कारण .३०-०६चा फार जुना साठाही तितकाच खारट. बेरीज केली तर एसकेएस सरळ पुढे. मग मी "लाकडाचा पोत" हा रकाना वाढवला. तरी भागेना, तेव्हा "टिंग" असा एक. त्यानंतर निकाल इतका अटीतटीचा झाला की तक्त्यावरचा माझा विश्वासच उडाला.

वापरलेली रायफल घ्यायची तर पाहणी आली. इथे तर दोन्ही पंथांची शास्त्रंच उलटी. एसकेएसवाले हातात भिंग घेऊन नंबर जुळवतात: रिसीव्हरवरचा (मधल्या लोखंडी सांगाड्यावरचा), बोल्टवरचा, दस्त्यावरचा. एक जुळला नाही तरी तोंड वाकडं. गॅरंडवाल्यांना याचं काहीच नाही. युद्धानंतर त्या रायफली शस्त्रशाळांत खोलून, हाताला येईल त्या भागाने पुन्हा जुळवल्या गेल्या, त्यामुळे एकीचा बोल्ट दुसरीच्या घरी नांदणं हेच तिथे साहजिक. सगळे भाग मूळचे आहेत म्हणून कुणी सांगितलं की काका डोळे बारीक करतात आणि "कुणी जुळवले?" असं विचारतात. त्यांचा भर गेजवर, म्हणजे मापाच्या सळयांवर. एक गेज नळीच्या तोंडात घालून झीज बघायची, दुसरं चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या, बाजूने. मी दोन्ही शास्त्रं शिकलो. मग गॅरंडचे नंबर जुळवू लागलो तेव्हा काकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

शेवटी एका रेंजदिवशी दोघींवर हात चालवायला मिळाला. एसकेएस हातात घेतली की लगेच आपली वाटते. आखूड, सुटसुटीत, खांद्याला त्रास नाही. नळीखाली घडी घातलेली संगीन आहे, तिचं टार्गेटशी काय काम ते मला कुणी सांगू शकलं नाही, पण काढा म्हटलं तर मित्राचा चेहरा पडला. चाप मात्र वाळूतून ओढल्यागत येतो. शंभर यार्डांवर चाललं. दोनशेवर गेल्यावर मागची उघडी खाच आणि पुढची माशी यांच्यात मला टार्गेट सापडेना. तिथे नेम कमी आणि श्रद्धा जास्त लागत होती.

गॅरंड उचलली तेव्हा खांदा कुरकुरला. पण मागच्या बारीक भोकातून पाहिलं आणि सगळं एकदम जागेवर आलं. माशी स्पष्ट, टार्गेट स्पष्ट, चापाचे दोन टप्पे बोटाला वेगवेगळे कळतात. उजवीकडे-डावीकडे आणि वर-खाली करायला दोन बाजूंना दोन गोल खुंट्या. एक खटका फिरवला की शंभर यार्डांवर गोळी साधारण इंचभर सरकते. एसकेएसची माशी सरकवायची तर वेगळं अवजार लागतं, आणि ते अवजार, मित्राने सांगितलं, घरी राहिलं होतं.

तिथे निकाल लागला. काकांनी लगेच मला सामन्यांचे नियमही सांगून टाकले. गॅरंडच्या सामन्यांत २०० यार्डांवर नेम धरून झोपून, झटपट आणि उभ्याने गोळ्या झाडायच्या. झटपट फेरी दहा गोळ्यांची.

"दहा?" मी म्हणालो. "आठच बसतात ना?"

"पहिल्या क्लिपमध्ये दोन, दुसरीत आठ," काका शांतपणे म्हणाले. मागे उभा असलेला मित्र इतका खूश झाला की त्याला खोकला आला.

तरी घेतली. घेतल्यावर कळलं की बाजारातली कुठलीही .३०-०६ तिला चालत नाही. शिकारीसाठीच्या काही जोरदार गोळ्यांचा दाब तिचा लांबलचक ऑपरेटिंग रॉड वाकवू शकतो. तिला तिच्या जुन्या मापाचाच दारूगोळा लागतो, नाहीतर वायूचा दाब कमी-जास्त करता येईल असा प्लग बसवावा लागतो. बायकोने मला "बसवण्यासारखं काही नसतं" या वाक्याची आठवण करून दिली. मी प्लगचा विषय लांबणीवर टाकला.

परवा मित्र रेंजवर आला. रायफल बघणार नाही, असं तो आल्याआल्याच म्हणाला. मग नुसती उचलून बघतो म्हणाला. मग मी क्लिप दिली, काकांनी लांबूनच "अंगठा!" म्हणून आरोळी ठोकली, आणि तो बराच वेळ नेम धरून आडवा पडून राहिला. आठ गोळ्या, टिंग. क्लिप त्याच्या टोपीवरून उडून मागे पडली. ती त्याने स्वतः उठून शोधली, पुसली आणि माझ्यापुढे हात केला.

"अजून एक भरलेली आहे?"

ती संपल्यावरही तो मागे वळला नाही. "चाप बरा आहे," म्हणाला. "पण दहा पाहिजे होत्या."