‘माइंडफुलनेस करा, २१ दिवसांत सिगारेट सुटते’ म्हणे, थांबा की जरा!

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला, एक सोसायटीचा, एक ऑफिसचा, आणि एक चक्क भिशीचा. "नोकरदार भगिनींनो, सिगारेटचं व्यसन शरीराचं नाही, मनाचं असतं. रोज सकाळी २० मिनिटं माइंडफुलनेस करा, तलफ आली की लक्ष दुसरीकडे वळवा, २१ दिवसांत कायमची सुटका. गोळी नको, गम नको. अमेरिकेत सिद्ध झालंय, औषधापेक्षा पाचपट असर." खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि एक कमळ.

भिशीत लगेच एकीने टाकलं, "आपल्या सोलापुरात कोण बाई ओढते गं, पुण्याला पाठवा हे." मी गप्प. कारण मी ओढायचे, आठ वर्षं, ऑफिस सुटल्यावर कंबर तलावाकडे स्कूटी लावून. सोलापूरच्या उन्हाचा तेवढा एक उपकार, एप्रिलमध्ये तोंडाला स्कार्फ बांधलेली बाई कोण आहे ते घरच्यांनाही कळत नाही. सोडून आता तीन वर्षं होतील, आणि माइंडफुलनेसचा (म्हणजे आत्ता मनात-शरीरात जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं) मला खरंच उपयोग झाला, म्हणून तर या मेसेजचा जास्त राग येतोय.

आधी ते ‘मनाचं व्यसन’. अहो, झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदात तंबाखूतलं निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं संपतं, बायकांच्या शरीरातून तर पुरुषांपेक्षा लवकर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अजून लवकर. म्हणजे दुपारी तीनला जी चिडचिड होते, जिला आपण ऑफिसचं टेन्शन म्हणतो, त्यातली बरीचशी मागची सिगारेट उतरल्याचीच असते. मग ओढली की बरं वाटतं आणि आपण म्हणतो, बघा, टेन्शन गेलं! मी मार्च एंडच्या नावावर किती पाकिटं खपवलीत, विचारू नका.

‘तलफ आली की लक्ष दुसरीकडे वळवा.’ हे तर माइंडफुलनेसच्या बरोब्बर उलटं आहे. तिथं लक्ष वळवायचं नसतं, तलफेकडेच बघायचं असतं. घसा कोरडा पडलाय का, छातीत ओढ लागलीय का, बोटं पेनाशी चाळा करतायत का, नुसतं बघत राहायचं, तिच्याशी भांडायचं पण नाही. ती चढते, टोकाला जाते आणि काही मिनिटांत आपली आपण उतरते. आणि यासाठी सकाळचे २० मिनिटं लागत नाहीत हो, (सकाळी डबे, पोरांची रिक्षा, नळाला पाणी आलंय की नाही, कुठून आणायचे २० मिनिटं) लागतात ते दुपारचे पाच, खुर्चीतच, डोळे उघडे ठेवून. अजून एक, सोडायच्या आधीच्या आठवड्यात मी एक सिगारेट मुद्दाम फोन न बघता, नीट चव घेत ओढली. जळक्या पुठ्ठ्यासारखी लागली. आठ वर्षांत हे कधी कळलंच नव्हतं.

२१ दिवसांचा आकडा १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या गोष्टीवरून आलाय, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात म्हणून. सिगारेटचा संबंधच नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, शरीराचा त्रास साधारण महिन्याभरात कमी होतो, पण चहाच्या टपरीवरून जाताना मान वळणं? ते मला सहा महिन्यांनी पण होतं.

आता ‘अमेरिकेत सिद्ध’. बहुतेक २०११ चा तो अभ्यास असावा, ८८ जण, चार आठवड्यांचं ट्रेनिंग. १७ आठवड्यांनी बघितलं तर माइंडफुलनेसवाले ३१ टक्के सिगारेटशिवाय होते, दुसऱ्या गटातले ६ टक्के. पाचपट बरोबर आहे की! पण दुसरा गट औषधाचा नव्हताच, तो सिगारेट सोडायचाच दुसरा एक क्लास होता. आणि ३१ टक्के म्हणजे शंभरातल्या ६९ जणांचं जमलं नाही, हे कोण फॉरवर्ड करणार? नंतर २०२२ मध्ये कॉक्रेन या आरोग्याचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने असे २१ अभ्यास एकत्र तपासले, बाकी उपायांपेक्षा माइंडफुलनेस सरस आहे असं त्यात स्पष्ट काही निघालं नाही. उलट निकोटीनचा चघळायचा गम, अंगावर चिकटवायची पट्टी यांनी सोडायची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, हे शंभरावर अभ्यासांतून आलंय. मग गम नको कशाला? मी दोन्ही केलं. (गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

आणि ‘सोलापुरात कोण ओढते’ त्याचं उत्तर. २०१६-१७ च्या देशाच्या सर्वेत ओढणाऱ्या बायका २ टक्के, आणि मिश्री, तंबाखू, गुटखा असलं न ओढता घेणाऱ्या १२.८ टक्के. आपल्या सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी बाई नोकरदार नाही का? दिवसभर तंबाखूची धूळ नाकात, सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. दातांच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्रीसाठी घरी तव्यावर तंबाखू भाजणारीला कोण अडवणार. तिच्यासाठी या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

हे सगळं मी शेवटी भिशीच्या ग्रुपवर टाकलं. कोणी काही बोललं नाही, दोन अंगठे आले. रात्री एकीचा पर्सनलवर मेसेज, "गम कुठं मिळतो गं, आमचा मेडिकलवाला ओळखीचा आहे." सांगितलं, सात रस्त्याकडे जा, २ एमजीचा चिठ्ठीशिवाय मिळतो, च्युइंगमसारखा सारखा चघळू नको, झिणझिणलं की गालात दाबून ठेव, आणि आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर नीट लागू पडत नाही. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तिथं तोंड दाखवावं लागत नाही. तिचं उत्तर आलं, "चहा नको हेच अवघड आहे की."